गोटी बोलेना

त्या गल्लीत कुठलं मूल कुणाचं, हे झोपायच्या वेळी कळायचं. दिवसभर सगळी पोरं सगळ्यांची. खोल्या एकेकच, आणि त्याही अशा की दार लावलं तर जीव गुदमरायचा आणि उघडं ठेवलं तर शेजारी आत यायचे. शेजारी परवडले म्हणून दारं उघडीच असायची. जेवायच्या वेळी जे पोर ज्याच्या उंबऱ्यात सापडेल ते तिथंच जेवायचं, आणि ज्याच्या हाताजवळ खोडी करेल त्याचाच धपाटा खायचं. एकदा एका बापानं संध्याकाळी नळावर पोराला खसाखसा घासून, भांग पाडून घरी आणलं, तेव्हा बायको म्हणाली, "छान झालंय, आता ज्याचं आहे त्याला देऊन या." यावरून गल्लीत भांडण मात्र कधी झालं नाही. भांडायला नळ होता, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, इतर पुष्कळ विषय होते.

तो बाप म्हणजे घडीवहिनीचा नवरा. गवंडी होता. लोकांच्या भिंतींना गिलावा करायचा, आणि स्वतःच्या भिंतीचा पोपडा पडला की "उद्या बघू" म्हणायचा.

घडीवहिनीचं नाव घडीवहिनी कसं पडलं ते सांगायला नकोच. ती मोठ्या लाँड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून तिथं यायच्या, आणि घडीवहिनीच्या हाताखालून जाताना त्यांच्या अशा घड्या पडायच्या की कोपऱ्याला कोपरा चिकटून बसावा. ही खोड घरापर्यंत आली होती. तिच्या घरी कुणी रुमाल विसरला तर तो परीटघडीचा होऊन परत यायचा. जुनी वर्तमानपत्रं, रिकाम्या पिशव्या, गवंड्याचे सिमेंटनं कडक झालेले कपडे, कशालाच सुटका नव्हती. गवंडी म्हणायचा, मी जरा वेळ एका जागी पडून राहिलो तर माझीही घडी घालून फळीवर ठेवेल.

तिचं काम इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर होतं. एका बाजूला दोघी जणी ओल्या चादरीची टोकं धरून ती तापलेल्या रुळांच्या तोंडात द्यायच्या, पलीकडे दोघी जणी कोरडी, कढत चादर झेलून घडी करायच्या. त्या मशीनचा आवाज म्हणजे कानाशी पत्रे पडत असावेत असा, सकाळपासून सुट्टी होईपर्यंत न थांबणारा. शेजारी उभ्या असलेल्या बाईशीही बोलायची सोय नव्हती. म्हणून तिथल्या बायकांनी हाताची भाषा केली होती. मनगटावर दोन बोटं ठेवली की पाणी. कोपर बाहेर काढलं की 'ताणून धर'. मान तिरकी म्हणजे चादर फाटकी आहे, बाजूला टाक. गालावर हलकी थाप म्हणजे मुकादम येतोय, कारण मुकादमाचे गाल तसे होते. हातांनीच या बायका आपापल्या घरच्या कटकटी सांगायच्या, सासूच्या नकला करायच्या, आणि हसून हसून चादरी वाकड्या घालायच्या. घडीवहिनी या भाषेत एकदम वस्ताद. तिचं एक बोट उठलं की अख्खी ओळ फसकन हसायची.

तोंडानं बोलण्याची मात्र तिची सवयच गेली. घरी आल्यावर कानात मशीन अजून घुमत असायचं, आणि काय सांगायचं ते तोंडाआधी हातच सांगून मोकळे व्हायचे. तळहात खाली दाबला की 'बसा'. चार बोटं जुळवली की 'जेवायला चला'. गवंडी चारचौघांत सांगायचा, "माझं लग्न वाहतूक पोलिसाशी झालंय." ती त्यावर हसायची आणि हातानंच त्याला गप्प करायची.

या दोघांची मुलगी गोटी. जन्मली तेव्हा वाटोळी होती म्हणून गोटी, पुढे उंच होऊ लागली तरी गोटीच. डोळे टपोरे, चेहरा असा की मनातलं सगळं बाहेर दिसावं. आईची हातभाषा तिनं दूध पिता पिता उचलली होती. मनगटावर दोन बोटं ठेवली की आईनं पाणी द्यायचं, मान तिरकी केली की पुढ्यातला भात नको. संध्याकाळी बापाची चाहूल लागली की गोटी गालावर थाप मारायची. लेक आपल्याला लाडानं बोलावते असं समजून गवंडी बरेच दिवस खूश होता. खरा अर्थ कळला तेव्हा तो आणखीच खूश झाला, कारण घरात मुकादम होण्याचा हा त्याचा पहिलाच प्रसंग होता.

आणि गोटी बोलत नव्हती. तिच्या बरोबरीची पोरं एव्हाना गल्लीतल्या सगळ्या शिव्या शिकून त्यात स्वतःची भर घालू लागली होती. गोटीच्या तोंडून हसणं यायचं, रडणं यायचं, शब्द यायचा नाही. पण गल्लीला त्याची चिंता नव्हती. गोटीनं डब्याकडे पाहिलं की बिस्कीट हातात. भुवई उचलली की कुणीतरी कडेवर घेतलंच. पाय जरा जुळवले की जवळची बाई तिला उचलून धावत सुटायची. "आमच्या गोटीला बोलावंच लागत नाही," असं लोक अभिमानानं सांगायचे, जसं काही ती विद्या त्यांनीच कमावली होती. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. या गल्लीत मुलानं तोंड उघडायच्या आत चार जणी दूध घेऊन हजर असायच्या.

हे असंच चाललं असतं, पण कोपऱ्यावरच्या आजीनं मुक्काम हलवायचं ठरवलं. ही आजी म्हणजे कामाला जाणाऱ्या बायकांचा आधार. लहान पोरं दिवसभर तिच्या ओट्यावर. आता तिचे गुडघे बोलू लागले होते, आणि लेकीनं तिला आपल्याकडे राहायला बोलावलं होतं. "शाळेची सुट्टी संपली की मी निघणार," ती म्हणाली. "तोवर आपापल्या पोरांचं बघा बायांनो."

बाकीच्यांचं बघून झालं. मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत बालवर्ग होता, तिथं पोरांची सोय लागली. घडीवहिनी गोटीला घेऊन गेली तेव्हा बालवर्गाच्या बाईंनी गोटीला नाव विचारलं. गोटीनं त्यांच्याकडे बघून गोड हसून दाखवलं. तहान लागली तर काय म्हणशील, असं विचारलं. गोटीनं मनगटावर दोन बोटं ठेवली. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे खोलीभर मुलं आहेत. कुणाला लागलंय, कुणाला शू आलीय, हे मुलानं सांगितलं नाही तर मला कसं कळणार? हिला थोडं बोलतं करा. शाळा उघडेल तेव्हा आणा, बघू."

घडीवहिनी परत येताना वाटेत एकदाही थांबली नाही. शाळा उघडेपर्यंत गोटी बोलली नाही तर गोटीला घरी ठेवावं लागणार, आणि गोटीपाशी घरी राहणार म्हणजे तिनंच. लाँड्री सुटणार. ते उकाड्याचं, कान किटवणारं काम सुटल्याचं दुःख कुणाला होईल असं कुणाला वाटेल, पण घडीवहिनीला तो विचारच सोसेना. तिथं तिच्या मैत्रिणी होत्या, तिची पत होती, तिच्या एका बोटावर हसणारी ओळ होती. आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती, जी तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. पोरीत काही कमी तर नाही ना?

दवाखान्यात जाताना शेजारची रेडिओ बरोबर आली. या बाईला रेडिओ का म्हणायचे ते तिच्याशी ओळख झाल्यावर लगेच समजायचं, आणि बंद करायचं बटण नाही हेही. डॉक्टरीणबाईंनी गोटीच्या पाठीमागे चमचा वाजवला, गोटी वळली. हळू कुजबुजल्या, तरी वळली. घसा पाहिला, जीभ पाहिली. मग त्यांनी आईला विचारलं, "घरी हिला काय हवं ते तुम्हाला कसं कळतं?"

"अहो, कळतं म्हणजे काय," रेडिओ सुरू झाली, "हिनं नुसतं बघितलं की कळतं. काल नाही का, हिला केळं हवं होतं, मी म्हटलं..."

"मी आईंना विचारतेय."

घडीवहिनीनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिच्या हातांनी उत्तर देऊन टाकलं. डोळ्यांकडे बोट, मग पोरीकडे, मग छातीवर तळहात. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या आणि मग मोठ्यानं हसल्या. "हिचे कान चांगले आहेत, घसा चांगला आहे, डोकं तर फारच चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "बोलायची गरजच कुणी ठेवलेली नाही. मागितल्याशिवाय काही देऊ नका. आणि तुम्ही बोला तिच्याशी. हातांनी नाही, तोंडानं."

घडीवहिनीचा जीव भांड्यात पडला. पण वाटेत रेडिओनं निकाल देऊन टाकला, "बघ, खाण तशी माती. बोलणाऱ्याचा कोंडा खपतो गं, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. आता सगळं माझ्यावर सोड."

आणि गल्लीत फर्मान निघालं. गोटीचं आजपासून कुणाला काही कळायचं नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. न समजल्याचं सोंगही आणता येत नाही, हे त्या गल्लीला तेव्हा समजलं. पहिल्या दिवशी गोटी आजीच्या ओट्यावर गेली, मनगटावर दोन बोटं ठेवली. आजी आभाळाकडे बघू लागली. गोटी रेडिओकडे गेली. रेडिओ म्हणाली, "काय हवंय बाळ? बोल, पाणी हवंय का? पाणी म्हण. पा-णी. घे बाई, पी," आणि पेला तिच्या तोंडाला लावून मोकळी झाली. कोपऱ्यावर केस कापणारा होता, त्यानं गिऱ्हाईकाच्या मानेवर वस्तरा ठेवूनच गोटीला डब्याकडे बोट केलं, "हे बघ, मला काही कळलेलं नाही हं, पण बिस्कीट तिथं आहे." आजी तर दुपारी भिंतीकडे तोंड करून रडली. म्हणाली, "जाता जाता पोरीला तहानलेली ठेवू होय मी?"

गल्लीला दरडावून पुन्हा कामाला लावावं लागलं. मग मात्र सगळे नेटानं मठ्ठ झाले. गोटी दारोदार फिरली, खुणा करून करून दमली, आणि कमरेवर हात ठेवून गल्लीच्या मध्यभागी उभी राहिली. एवढी चांगली माणसं एकदम बिघडली कशी, असा तिचा चेहरा होता. तिनं फार वेळ घालवला नाही. स्टूल ओढत नेलं, वर चढली, माठातलं पाणी स्वतः घेतलं, निम्मं अंगावर सांडलं, आणि वर बिस्किटांचा डबा कुठं असतो तेही बघून ठेवलं. आठवडा संपायच्या आत ती स्वतःची चप्पल घालू लागली, कडी काढू लागली, बोळात जाऊन एकटी शू करून येऊ लागली. गल्लीनं तिला बोलतं करायचं म्हणून कंबर कसली आणि पोरगी स्वावलंबी होऊन बसली. शब्द एक नाही.

"आता हिला लग्नापर्यंत कुणाची गरज नाही," गवंडी म्हणाला. घडीवहिनी हसली नाही.

तिला दुसरंच औषध जड जात होतं. मागितल्याशिवाय द्यायचं नाही, हे जमलं. पण तोंडानं बोलायचं काय? पहिल्या संध्याकाळी ती कपड्यांचा ढीग घेऊन गोटीसमोर बसली, हात मांडीखाली दाबले, आणि तिला सांगण्यासारखं काहीच सापडेना. हात सोडावे तर लगेच बोलायला लागतात. शेवटी तिनं हातांना घड्या घालायला लावलं आणि म्हणाली, "ही बाबांची पँट." गोटीनं बघितलं. "ही मळलीय. धुतली तरी मळलेलीच राहते." मग तिनं ढिगातला पुढचा कपडा ओढला.

दुसऱ्या दिवशी तिनं लाँड्रीतली गोष्ट सांगितली. साधीच. एका चादरीत कुणाची तरी कवळी गुंडाळून आली होती, आणि ती पाहून पलीकडची बाई किंचाळली. ते मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, त्यामुळे ती बिचारी नुसतंच तोंड वासून उभी राहिलेली दिसली. गोटी खिदळली. मग घडीवहिनीनं मुकादमाची गोष्ट सांगितली, मग डावीकडचा रूळ कसा रुसतो आणि त्याला फडकं मारल्याशिवाय तो कसा चालत नाही ते सांगितलं, मग स्वतःच्या लहानपणच्या गल्लीचं सांगितलं. सांगता सांगता तिच्या ध्यानात आलं की आपल्याकडे सांगायला खूप आहे. इतकी वर्षं हे सगळं कुठं साठून राहिलं होतं कोण जाणे. आवाज आधी खरखरीत होता, हळूहळू मोकळा झाला. एक दिवस गवंडी कामावरून आला तो दारातच थांबला, आत कुणीतरी बाई आली आहे असं वाटून तोंड धुऊन यायला परत नळावर गेला.

संध्याकाळच्या या गोष्टी घडीवहिनीला मनापासून आवडू लागल्या. गोटी गुडघ्यांना मिठी घालून समोर बसायची, डोळे आईच्या ओठांवर. कधी ओठ हलायचे तिचे, पण आवाज नाही. गवंडी बाजूला आडवा पडून ऐकायचा. एकदा म्हणाला, "तू लग्नाआधी अशी बोलायचीस. मी विसरूनच गेलो होतो." ती म्हणाली, "मीही." सुख होतं, पण सुट्टी संपत आली होती, आणि आजीनं बोचकं बांधायला घेतलं होतं.

शाळा उघडली त्या सकाळी घडीवहिनीनं लाँड्रीत उशिरा येण्याची परवानगी घेतली होती. तिनं गोटीला काही पढवलं नाही. रेडिओनं मात्र पढवलं. दारातून निघेपर्यंत, आणि मग गल्लीच्या तोंडापर्यंत बरोबर येऊन, "नाव सांग हं, नाव तेवढं सांग, बाकी मी बघते," असं ती म्हणत होती. बाकी ती काय बघणार होती हे तिलाही माहीत नव्हतं.

बालवर्गाच्या खोलीत रडारड चालली होती. कुणी आईच्या गळ्याला लोंबकळत होतं, कुणी दप्तरावर आडवं पडलं होतं. बाई एकेकाला घेत होत्या. गोटीची पाळी आली तेव्हा त्या खाली वाकून म्हणाल्या, "ये. आता सांगशील ना? नाव काय तुझं?"

गोटीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. घडीवहिनीचा हात उठायला लागला, तिनं दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला.

"बरं, राहू दे," बाई म्हणाल्या. थोड्या थकल्या होत्या. सरळ उभ्या राहून त्यांनी घडीवहिनीला विचारलं, "तुम्ही काम काय करता हो?"

आता यात अवघड काय होतं? रोज संध्याकाळी ती हेच तर सांगत होती. पण सगळं हातातून निसटतंय असं वाटलं की माणूस जुन्या सवयीला धरतो. घडीवहिनीचे ओठ हलले, शब्द येईना, आणि धरलेला हात सुटला. दोन्ही हात पुढे आले, टोकं धरली, ताणली, सोडली, घडी घातली. हवेत नसलेली चादर तिनं बाईंसमोर नीट घडी करून ठेवली. मग आपण काय केलं हे कळून ती लाजेनं लाल झाली. बाईंना काहीच कळलं नाही.

"चादरी करते," गोटी म्हणाली.

आवाज जरा घोगरा होता, आणि स्पष्ट. बाईंनी खाली बघितलं.

"तिकडं मशीन मोठं ओरडतं," गोटीनं त्यांना समजावलं. गल्लीतल्या लोकांना समजावून ती दमली होती, तरी या बाईला समजावायची तिची तयारी होती. "कुणाला ऐकू येत नाही. म्हणून आई हातांनी बोलते. घरी तोंडानं बोलते."

खोलीतली रडारड चालूच होती. त्यात घडीवहिनीनं लेकीचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं, आणि ते तिच्याच बाजूचं होतं. तिला इतका आनंद झाला की ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

बाई गोटीसमोर परत वाकल्या. "अगं, तुला तर सगळं बोलता येतं. मग इतके दिवस का गं बोलली नाहीस?"

गोटीनं मान तिरकी केली. प्रश्न तिला फाटक्या चादरीसारखा वाटला असावा. पण बाई नवीन होत्या, म्हणून तिनं उत्तर दिलं.

"आई गोष्ट सांगत होती ना," ती म्हणाली. "मी ऐकत होते."